धाकटीच्या विद्यापीठाचे सव्वीस रकाने

४ जून, गुरुवार. संध्याकाळी ६.४०

धाकट्या बहिणीला दोन ठिकाणी प्रवेश मिळाला. एक, मी जिथे शिकले ती मोठी संस्था. दोन, चार तासांवरचं राज्य विद्यापीठ. आकार मध्यम, विद्यार्थी अकरा हजार चारशे. त्याचं नाव सांगितलं की समोरचा म्हणतो, अच्छा. पुढे काही विचारत नाही.

धाकटीला दुसरं हवं आहे. कारण विचारलं. म्हणाली, तिथे भूशास्त्राच्या वर्गात बावीसच जण असतात आणि पहिल्याच महिन्यात डोंगरावर नेतात. मी म्हटलं, हे कारण नाही, ही सहल आहे.

जागा पक्की करायची शेवटची तारीख ३० जून. अर्जावर पालकाची सही लागते. आईबाबा गेले तेव्हा धाकटी आठ वर्षांची होती. तेव्हापासून पालक मी.

मी वजनकाटे तपासते. दवाखान्यातले, कारखान्यातले, सोनारांचे. काटा बरोबर की चूक हे मी दिवसातून सरासरी नऊ वेळा ठरवते. एका विद्यापीठाला फार तर आठवडा.

ठराव. एक, निर्णय १० जूनच्या आत. दोन, भावना नकोत. तीन, धाकटीवर दबाव आणायचा नाही. फक्त आकडे दाखवायचे.

६ जून, शनिवार. सकाळी १०.१५

तक्ता तयार झाला. सव्वीस रकाने. दर विद्यार्थ्यामागे पुस्तकं, वसतिगृहाच्या खोलीचं क्षेत्रफळ, प्रयोगशाळेतल्या उपकरणांचं वय, खोलीपासून वर्गापर्यंतचं अंतर मिनिटांत, ग्रंथालयातला प्रकाश, ग्रंथालयातला आवाज, इत्यादी. मोजमापाला संदर्भ लागतो. संदर्भ म्हणून माझी संस्था घेतली. प्रत्येक रकान्यात तिला शंभर.

धाकटीनं तक्ता उभ्या उभ्या वाचला. विचारलं, ताई, सगळीकडे तुझी संस्था शंभर कशी? मी समजावलं की संदर्भ वजनाला आपण तपासत नाही, त्याच्याशी बाकीचं तपासतो. ती म्हणाली, पण संदर्भ वजनाला सर्टिफिकेट असतं ना? याला कुणी दिलं? मी म्हटलं, मी.

ती बराच वेळ हसली. हसणं हा मुद्दा नाही.

मावशी आमच्याकडेच राहते आणि शिवणकाम करते. मशीन चालू ठेवूनच बोलते, त्यामुळे तिचं अर्धंच कळतं. जे कळलं ते असं: पोरीला शिकायला पाठवतेयस की टेंडर काढतेयस?

७ जून, रविवार. दुपारी १.००

ठराव: या विषयावर धाकटीशी आठवड्यातून एकदाच बोलायचं. रविवारी, जेवणानंतर, वीस मिनिटं.

दुपारी ३.३०

वीस मिनिटं पुरली नाहीत. वसतिगृहात आजारी पडलीस तर काय, हे विचारायचं राहिलं होतं. ते स्वयंपाकघरात विचारलं. ओल्या टॉवेलचं गॅलरीत विचारलं. चार तासांचा प्रवास एकटीनं करशील का, हे बाथरूमच्या दाराबाहेरून. धाकटी आतून ओरडली, ताई, मी दात घासतेय!

हे बोलणं धरलेलं नाही. माहिती गोळा करणं वेगळं.

१० जून, बुधवार. संध्याकाळी ७.०५

आज निर्णयाचा दिवस. निर्णय पुढे गेला. मी ढकलला नाही. सव्वीसपैकी एकोणीस रकाने रिकामे आहेत, कारण विद्यापीठाच्या वेबसाइटवर हव्या त्या गोष्टी नाहीत. हसणाऱ्या विद्यार्थ्यांचे फोटो मात्र सदतीस आहेत. फोटोंना रकाना नाही.

ऑफिसात शेजारच्या टेबलावर दाढीवाला बसतो. त्यानं तक्ता माझ्या खांद्यावरून वाचला. म्हणाला, मॅडम, आपलं संदर्भ वजनसुद्धा दर दोन वर्षांनी वरच्या प्रयोगशाळेत तपासायला जातं. तुमचं हे कधी गेलं होतं? नऊ वर्षं झाली ना तुम्हाला बाहेर पडून?

त्याला कुणी विचारलं नव्हतं. शिवाय काही वजनं झिजत नाहीत. नीट पेटीत ठेवली तर.

नवी तारीख: १४ जून. १३ला विद्यापीठात पालक दिवस आहे. स्वतः जाऊन मोजणार. बरोबर प्रकाशमापक, आवाजमापक, स्टॉपवॉच. शिवाय दोनशे ग्रॅमचं तपासणीचं वजन, पेटीसकट. त्याचा तिथे उपयोग नाही. सवय.

१३ जून, शनिवार. रात्री ८.००, परतीच्या बसमध्ये

सकाळी ९.५० ला धाकटी आणि मी पोचलो. ग्रंथालयात ५४ डेसिबल. दोन मुली एका नकाशावर वाकून हसत होत्या. माझ्या संस्थेच्या ग्रंथालयात ३३. तिथे चार वर्षांत मी कुणाला हसताना ऐकलं नाही.

१०.३० ला सभागृहात पालकांची सभा होती. कुलगुरू बोलणार, मग प्रश्नोत्तरं. माझे अकरा प्रश्न टाइप केलेले होते. जाता जाता भूशास्त्राची प्रयोगशाळा दिसली. दार उघडं होतं. आत खिडकीखाली काटा, वर पंखा चालू. काट्यातला लेव्हलचा बुडबुडा पार कडेला गेलेला. मी फक्त पाहायला आत गेले.

दोनशे ग्रॅम ठेवले. त्यानं २००.३८ दाखवले.

हे कुणालाही सहन होणार नाही. मी पंखा बंद केला. काटा भिंतीकडच्या दगडी ओट्यावर हलवला. पायांचे स्क्रू फिरवून बुडबुडा मध्ये आणला. काटा चालू करून आतून गरम होईपर्यंत थांबले, थंड काटा चुकतो. प्रयोगशाळेतले काका आले. त्यांना वाटलं मी सरकारी तपासनीस. घाबरून त्यांनी कपाटातले आणखी दोन काटे काढून दिले. म्हणाले, बाई, हे दोन तर वेडेच आहेत, लिहिताना जरा सांभाळून घ्या. पालक असल्याचं सांगितलं तर त्यांना विश्वास बसेना. म्हणाले, इतक्या लहान पालक?

तिन्ही काटे १.४० ला बरोबर झाले. सभा १२ ला संपली होती.

धाकटी सभेत एकटी बसली होती. काय झालं ते विचारलं. म्हणाली, एका बाबांनी विचारलं की मुलगी रोज फोन करेल याची व्यवस्था आहे का. मला वाटलं, तूच आलीस.

आज भरलेले रकाने: दोन.

१४ जून, रविवार. सकाळी ११.२०

निर्णय आज शक्य नाही. एका भेटीवरून निष्कर्ष काढणं चूक. एकच वजन एकाच काट्यावर पुन्हा पुन्हा ठेवून तेच उत्तर येतं का, हे पाहावं लागतं. म्हणून दुसरी भेट. सुट्ट्या शिल्लक आहेत. तेवीस.

मावशीनं मशीन थांबवलं, म्हणजे ऐकणं भाग होतं. म्हणाली, अगं, तिला जाऊ द्यायचं नाही असं सरळ सांग ना, उगाच बसचा प्रवास कशाला? मी म्हटलं, तसं काही नाही, मी तटस्थ आहे. ती म्हणाली, हो, दिसतंय. तिनं मशीन सुरू केलं. नंतरचं कळलं नाही.

१६ जून, मंगळवार. संध्याकाळी ७.३०

दुसरी भेट. एकटी गेले. उद्देश: वसतिगृह, दवाखाना, जेवणघर.

फाटकातच भूशास्त्राच्या बाई भेटल्या. पायात मातीनं भरलेले बूट, हातात हातोडी. त्यांनी मला नावानं हाक मारली. शनिवारी त्या मला दोन मिनिटं भेटल्या होत्या. नाव लक्षात ठेवण्याचं काही कारण नव्हतं. विचारलं तर म्हणाल्या, बावीस मुलं, त्यांचे आईबाप आणि एक काटेवाली, एवढी लक्षात राहतात हो.

तक्त्यात नोंद: शिक्षक अनावश्यक माहिती लक्षात ठेवतात. गुण वजा पाच.

त्या म्हणाल्या, मुलांना सांगा ना, काटा का चुकतो ते. वर्ग रिकामाच बसलाय. मी नाही म्हटलं. मग चाळीस मिनिटं सांगितलं. मुलांनी एकोणीस प्रश्न विचारले. एकानं विचारलं, काटा चूक आहे हे काट्याला कळतं का? मी म्हटलं, नाही. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, आमच्या वॉर्डनसारखं. सगळे हसले. मीही, पण आवाज न करता.

वसतिगृह राहिलं. दवाखाना राहिला. जेवणघरात मोजमाप झालं नाही, कारण काका आणि बाई समोर बसून सारखे बोलत होते.

आज भरलेले रकाने: तीन. रकाने मात्र आता एकतीस आहेत. जाणं आवश्यक आहे हे यावरून दिसतं.

२० जून, शनिवार. दुपारी ४.४५

दाढीवाल्याचं तोंड बंद करण्यासाठी माझ्या संस्थेत जाऊन आले. संदर्भाची फेरतपासणी.

सगळं जागच्या जागी आहे. ग्रंथालय ३३ डेसिबल. जेवणघरात माझी जागाही तशीच, खांबामागे. तिथून दार दिसतं, पण दारातून येणाऱ्यांना आपण दिसत नाही. उत्तम रचना. चार वर्षं तिथे जेवले, एकदाही कुणी बोलण्यात वेळ घालवला नाही. आजही नाही.

ज्या सरांकडे मी प्रकल्प केला ते खोलीत होते. मी दार वाजवलं. ते म्हणाले, या या, सकाळपासून वाट बघतोय, तो तिकडे आहे. त्यांनी प्रिंटरकडे बोट दाखवलं. ओळख देण्याची ती वेळ नव्हती, ते कामात होते. कागद अडकला होता. काढला. ते थँक यू म्हणाले, मान वर न करता. एकाग्रता आहे तशीच आहे.

निष्कर्ष: संदर्भात फरक नाही. शंभर.

परत येताना बसमध्ये उगाच थकवा आला. अंतर तर कमी होतं.

२१ जून, रविवार. दुपारी २.१०

जेवताना मी धाकटीला संस्थेचं सांगितलं. शांतता, शिस्त, कुणी कुणाच्या अध्यात ना मध्यात. चार वर्षांत मला एकदाही त्रास झाला नाही.

मावशीनं ताट सरकवलं. म्हणाली, मग दर रविवारी फोनवर रडायची ती कोण होती? मी म्हटलं, मी रडत नव्हते. तिथली हवा दमट आहे, मला सर्दी व्हायची. मावशी म्हणाली, चार वर्षं? फक्त रविवारी? आणि सर्दीत माणूस म्हणतं का, आई मला घेऊन जा?

मी विचारलं, तुला हे कसं माहीत? म्हणाली, तुझी आई फोन स्पीकरवर ठेवायची. तिला एकटीला ऐकवायचं नाही. तू ठेवल्यावर ती रडायची, मग मी तिला चहा करून द्यायचे.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आईनं सांगायला हवं होतं.

धाकटी माझ्याकडे बघत होती. मी उठले आणि भांडी घासली. मावशीची पाळी होती.

ता. क. सर्दीच होती.

२३ जून, मंगळवार. रात्री ८.१५

धाकटीचा वाढदिवस. अठरा पूर्ण. आठवड्याच्या मध्ये आल्यामुळे तक्त्याचं काम अर्धा दिवस मागे पडलं. तिला दहापट मोठं दाखवणारं भिंग दिलं. दगड पाहायला. तिनं आधी माझा अंगठा पाहिला. म्हणाली, ताई, तुझ्या अंगठ्यावर केवढ्या दऱ्या आहेत. मग गळ्यात पडली. किती वेळ, ते मोजलं नाही.

भिंग कोणत्याही विद्यापीठात चालतं. यावरून माझा कल काढू नये.

२६ जून, शुक्रवार. रात्री ९.३०

तिसरी भेट, शेवटची. धाकटी बरोबर आली. राहिलेले सगळे रकाने भरायचे असा पक्का निश्चय होता.

काकांनी रसायनशास्त्राचे चार काटे मागवून ठेवले होते. वनस्पतिशास्त्राचाही एक. दारात कागद चिकटवलेला: काटेवाल्या ताई आज ११ ते ४. मी काकांना सांगितलं, हे मला विचारून करायला हवं होतं. काका म्हणाले, विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता, आणि आला असताच.

पाचापैकी चार दुरुस्त झाले. वनस्पतिशास्त्राच्या काट्यात मुंग्या होत्या. त्या काढताना दोन मुली टॉर्च धरून उभ्या होत्या आणि मुंग्यांची बाजू घेऊन भांडत होत्या. माझं नुकतंच लागलेलं लक्ष सारखं विचलित होत होतं. धाकटी अकरापासून दिसली नाही. चारला आली तेव्हा बाई तिला कुठल्याशा दगडाचं सांगत होत्या, आणि ती त्यांना मध्येच तोडून स्वतःचं सांगत होती. घरी ती इतकं बोलत नाही. घरी बहुधा मी बोलत असते.

बसमध्ये विचारलं, दिवस कसा गेला? म्हणाली, छान. तुझा? मी म्हटलं, कामात गेला. ती खिडकीकडे तोंड करून हसली. काचेत दिसलं.

२८ जून, रविवार. सकाळी ९.३०

तक्ता अखेर जवळजवळ पूर्ण. राहिलेले आकडे काल काकांनी फोनवर दिले. रकाने चौतीस, रिकामे दोन. निकाल: संस्था १००, राज्य विद्यापीठ ६८.३.

म्हणजे निर्णय स्पष्ट आहे. मुलगी माझ्या संस्थेत जाईल. आज जेवणानंतर सांगणार.

दुपारी २.४०

सांगितलं नाही. संस्थेचे गुण पुन्हा पाहिले. प्रत्येक रकान्यात शंभर मीच लिहिले आहेत, त्यामुळे तिथली अनिश्चितता किती धरायची हे ठरत नाही. धाकटी समोर बसून भिंगातून मीठ बघत होती. तिला खांबामागे बसवून पाहिलं, मनात. तक्त्याच्या दृष्टीनं याला अर्थ नाही.

जेवण थोडं राहिलं. भूक नव्हती. हवा दमट आहे.

संध्याकाळी ६.००

मार्ग सापडला. निर्णयच घ्यायचा नाही. मुदतवाढ मागायची, एक आठवडा. राहिलेले दोन रकाने त्यात भरता येतील, त्यासाठी चौथी भेटही होईल. दोन पानी अर्ज लिहिला, तक्ता जोडला. मंगळवारी स्वतः नेऊन देणार. धाकटीला म्हटलं, तू काळजी करू नकोस, मी आहे. ती काहीतरी बोलणार होती. मी म्हटलं, तीसनंतर बोलू.

३० जून, मंगळवार. दुपारी ४.१५, विद्यापीठाच्या आवारातला बाक

रांगेत पन्नास मिनिटं. खिडकीवरच्या बाईंना अर्ज दिला. त्यांनी तो न वाचता धाकटीचा नंबर विचारला. स्क्रीनवर पाहिलं. म्हणाल्या, ही जागा पक्की झालीय. २६ तारखेला, सकाळी ११.२०.

मी विचारलं, सही कुणाची? म्हणाल्या, विद्यार्थिनीची. मी म्हटलं, पालक मी आहे, मी सही केलेली नाही. बाईंनी कोरा अर्ज माझ्याकडे फिरवला आणि चौकटीखालच्या बारीक ओळीवर पेन टेकवलं. विद्यार्थी अठरा वर्षांखालील असल्यास.

ही ओळ मी ४ जूनला वाचली होती. ४ जूनला ती लागू होती. वाचलेली ओळ मी पुन्हा वाचत नाही.

मी म्हटलं, आणि हा तक्ता? बाईंनी चौतीस रकाने वरपासून खालपर्यंत पाहिले. मनापासून पाहिले, असं म्हणावं लागेल. म्हणाल्या, छान केलाय हो, पण आमच्याकडे हा लावायला फाइल नाही. आणि ताई, जरा बाजूला व्हाल का, मागे लोक खोळंबलेत.

मागे चौदा जण होते. बाजूला झाले.

धाकटीला फोन केला. पहिल्याच रिंगला उचलला. म्हणाली, ताई, मी सांगणारच होते गं. पण तुझे दोनच रकाने राहिले होते. म्हटलं, होऊ देत.

मी विचारलं, आधी का नाही विचारलंस? ती म्हणाली, तू नको म्हणाली असतीस ना, तर मी तुझ्याच संस्थेत गेले असते. खरंच गेले असते. म्हणून नाही विचारलं.

मग म्हणाली, रागावलीस? मी म्हटलं, आवाज नीट येत नाहीये.

येत होता.

इथे बाकावर बसून नीट विचार केला. चौतीस रकाने, तीन भेटी, सव्वीस दिवस. काही घाई झालेली नाही. निर्णय: राज्य विद्यापीठ. धाकटीला योग्य आहे. सर्व बाबी तपासून हा निर्णय मी आज, ३० जून रोजी, दुपारी ४.१५ वाजता घेतला. खिडकी पाचला बंद होते.

म्हणजे मुदतीच्या आत.